भागुरामी नावाचं जनावर नव्हतंच, आत्या

प्रिय आत्या,

नाही, तरीपण मी बोलणार नाही. पप्पांना हेच सांगून आत्ता आतल्या खोलीत आलेय आणि कडी लावून घेतलीय. उद्या कडावच्या विहारात तुझं पहिलं पुण्यस्मरण. बॅनर छापून आलाय. तुझा तो फोटो टाकलाय, ज्यात तू हातोडा खांद्यावर घेऊन हसतेस. खाली लिहिलंय, ‘जिने आपल्या वडिलांचं नाव जगाच्या इतिहासात कोरलं.’ आणि मी काय करायचं, तर माइक घेऊन त्याच्यावर दोन शब्द बोलायचे! कारण घरात तुझ्यानंतर हाडांच्या मागे लागलेली मीच.

माझ्याकडे दोनच शब्द आहेत आत्या, आणि ते ऐकून कुणी जेवायला थांबणार नाही. म्हणून तुला लिहितेय. तू तरी मधून उठून जाऊ शकत नाहीस.

माझ्या मराठीला हसू नकोस हं. तू नेहमी हसायचीस. ‘पाच कोटी म्हणजे किती मिलियन ते सांगू का बाळाला?’ सगळ्यांसमोर! तुझं खोपोलीतलं कॉलेज, तुझी पोरं, तुझी लॅब, आणि मी शेलूहून सुट्टीच्या दिवशी धावत यायचे, नुसतं तुझ्या हाताखाली ब्रश धरायला. आणि तू मला त्यांच्यासमोर ‘आमचं कॉन्व्हेंट’ म्हणायचीस. तरी मी पुढच्या रविवारी परत यायचेच. का यायचे गं मी?

खरं तर का ते मला माहितीय. माझा पहिला दात पडला तेव्हाची गोष्ट. आमच्या बिल्डिंगला कौलं नाहीत म्हणून आई तो गॅलरीतून फेकणार होती. तू ओरडलीस, ‘थांब गं वहिनी, खुळी का काय!’ दात नळाखाली धुतलास, पर्समधून भिंग काढलंस आणि मला मांडीवर घेऊन दाखवलंस. हे बघ, मूळ कसं विरघळलंय. खालून पक्का दात ढकलतो आणि वरचा सुटतो. हे बघ, वरचं पांढरं किती पातळ आहे, म्हणून दुधाचा दात लवकर झिजतो. मग औषधाच्या डबीत कापूस घालून तो ठेवलास आणि डबीवर माझं नाव लिहिलंस. मला वाटलं, जगात माझ्याएवढी इम्पॉर्टंट मुलगी नाही.

म्हणजे दुधाचा दात तुला चांगलाच कळत होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

बापूंमुळे, तुझ्या वडिलांमुळे कळत होता. लहानपणी बापू तुला बैलबाजारात न्यायचे. पप्पांना नाही, तुला! पप्पा अजून त्यावरून कुरकुरतात. बापू बैलाचा जबडा उघडायचे आणि तू ओरडून सांगायचीस. दुधाचे दात असतील तर आदत. पुढचे दोन पक्के आले की दुसा. चार आले की चौसा. शर्यतीत आदतच्या गटात दुसा घुसवला की तू लांबून ओळखायचीस आणि कर्जत-खालापूरचे बैलवाले बापूंना म्हणायचे, ‘भागुराम, पोरीला घरीच ठेव बाबा, धंदा बुडवती आमचा.’

आणि बापूंचा तो एक नियम. बैलाच्या तोंडात लबाडी करणाऱ्याचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कानस मारून दात बारीक करायचे, जुना बैल कोवळा म्हणून खपवायचा, असं करणारे बाजारात असतातच. त्यातला एक बापूंचा सख्खा मेव्हणा निघाला. बापू त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. तो मेला तेव्हा आजीला एकटीलाच एसटीत बसवून पाठवलं. ही गोष्ट मला तूच सांगितलीस, आणि सांगताना तुझी मान केवढी ताठ झाली होती!

आता जनावराचं बोलू.

साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी, हिमालय अजून वर आलेला नसताना, जम्मूच्या बाजूला उथळ पाण्याच्या काठाने ही जनावरं राहायची. खुरांची, डुकराएवढी, जाड हाडांची. त्यांच्या अख्ख्या घराण्याला अँथ्राकोब्युनिड म्हणतात, पण त्यांच्याबद्दल कुणाला धड काही माहीत नव्हतं. मिळायचं काय, तर सुटे दात आणि जबड्याचे तुकडे. त्या दातांवर उंचवटे होते, हत्तीच्या पूर्वजांच्या दातांवर असतात तसे. म्हणून जगाने ठरवलं, हे हत्तीचे चुलते.

तू शिकत होतीस तेव्हा कालाकोटच्या टेकड्यांवर गेलीस. एकटी मुलगी, टेंपोच्या मागे बसून. तिथे तुला एक सुटी दाढ मिळाली. घराण्यातल्या बाकीच्यांच्या दाढांपेक्षा छोटी, आणि चांगलीच झिजलेली. तू म्हणालीस, झिजलीय म्हणजे जनावर म्हातारं. म्हातारं असून दाढ एवढीशी, म्हणजे जनावरच लहान. म्हणजे नवी जात!

ही चूक कशी झाली ते मला कळतं आत्या. बैलवाल्याच्या पोरीचीच चूक आहे ती. तुमच्याकडे बैलाचे पुढचेच दात बघतात. मागच्या दाढांपर्यंत हात कोण घालणार, बोटं राहतील का? तुझ्या डोक्यात दुधाचा दात म्हणजे पुढचा, चिमटीत मावणारा. आणि झिजलेला दात म्हणजे म्हातारा बैल. पण वासराला मागेसुद्धा दुधाच्या दाढा असतात, आणि त्या पहिल्या दिवसापासून चावून चावून झिजतात, हे तेव्हा तुझ्या लक्षात आलं नाही. ठीक आहे. होतं. तू माझ्या आत्ताच्या वयाची होतीस.

नव्या जातीला तू बापूंचं नाव दिलंस. भागुरामी.

ते नाव देणं काय होतं, हे मला इंग्लिश मीडियममध्ये कुणी शिकवलं नाही, पण घरात राहून कळलं. बापूंच्या वडिलांना गावात कुणी त्यांच्या नावाने हाक मारली नव्हती. आणि त्यांच्या मुलाचं नाव आता लॅटिनमध्ये, जगातल्या कुठल्याही म्युझियममध्ये! काकांनी आपल्या टेंपोच्या मागे मोठ्या अक्षरांत ‘भागुरामी’ रंगवून घेतलं. नाक्यावर लोक बापूंना चिडवायचे, ‘काय भागुरामी, चारा खाल्ला का आज?’ बापू म्हणायचे, ‘खाल्ला की. तुज्या वाटनीचा खाल्ला.’ पण त्या दिवशी दाढी जास्त गुळगुळीत केलेली असायची.

मग काही वर्षांपूर्वी सगळं उलटलं. बाहेरच्या देशांतल्या लोकांना चांगले जबडे मिळाले, पायाची हाडं मिळाली, आणि त्यांनी म्हटलं, हे घराणं हत्तीचं नाहीच. हे घोडा, गेंडा, टॅपिर यांच्या नात्यातलं. तू चिडलीस! त्यांना ‘घोडेवाले’ म्हणायला लागलीस. जणू काही शर्यतीतली दुसरी पार्टी. तुझं म्हणणं एकच, बाकीची घोड्याकडे जात असतील तर जाऊ देत, भागुरामी जात नाही. तिची दाढ हत्तीसारखीच आहे. जोपर्यंत भागुरामी आहे तोपर्यंत हा प्रश्न मिटलेला नाही. प्रत्येक सेमिनारमध्ये तू हेच बोललीस. लोक तुझ्या दाढीला, सॉरी, दाढेला, वळसा घालून जायचे. आपल्याच देशातली बाई, तिच्या हातातला ओरिजिनल नमुना, वाद कोण घालणार?

एकाने घातला. महेशने. तुझाच विद्यार्थी, चौक गावाकडचा. तोंडी परीक्षेला त्याने विचारलं, ‘मॅडम, ही दुधाची दाढ असू शकते का?’ आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तू म्हणालीस, ‘महेश, आधी तुझे दुधाचे पडू देत, मग माझ्या दाढेबद्दल बोल.’ सगळे हसले. तू ते घरी येऊन जेवताना परत सांगितलंस, आणि इथेही सगळे हसले. तो पुढच्या वर्षी कॉलेजात आलाच नाही. तुला कधी वाटलं नाही, गेला कुठे?

तू गेलीस तेव्हा तुझा फ्लॅट रिकामा करायला पप्पा आणि मी आलो. भांडी काकूला दिली, पुस्तकं कॉलेजला. पप्पा म्हणाले, दगडं तुझी. कपाटावर जुन्या कुकरचं खोकं होतं. त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेला तो दगड. मुठीपेक्षा थोडा मोठा, आणि त्यातून डोकावणारी एक दाढ. छोटी. झिजलेली. भागुरामीची!

तू हयात असताना मला ह्याला हात लावू दिला नव्हतास. एकदा मी ब्रश घेऊन जवळ गेले तर माझ्या मनगटावर फटका मारलास. मला वाटलं, किती मौल्यवान असेल!

आत्या, मला काय आनंद झाला होता सांगू? सुटी दाढ नाही, जबड्यात बसलेली दाढ! आजूबाजूचे दात दगडाच्या आत असतील. ते पक्के, म्हाताऱ्या जनावराचे निघाले की भागुरामी खरी, आणि घोडेवाल्यांची तोंडं बंद. मी गाइड सरांना फोन करून सांगितलं, सर, माझा विषय ठरला. मी आत्याचं काम पूर्ण करणार. मी तुझी वकील व्हायला निघाले होते.

दगड फोडायची भीती वाटली म्हणून आधी स्कॅन करायचं ठरवलं. कर्जतला दातांच्या थ्रीडी स्कॅनचं सेंटर आहे. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, ‘पेशंटचं नाव?’

‘पेशंट नाहीये, जबडा आहे. डब्यात.’

तिने डब्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘वय?’

‘साधारण पाच कोटी.’

‘दोन आकड्यांच्या वर जात नाही हो ते.’ तिने नव्याण्णव टाकलं.

आतली डॉक्टर तरुण होती, उत्साही, अगदी माझ्यासारखी. स्क्रीनवर चित्र फिरवलं आणि हसूनच म्हणाली, ‘अय्या, हे तर बाळ आहे! मुळं बघ कशी फाकलीयेत. आणि त्यांच्या मध्ये, खाली, हा बघ पक्का दात. यायच्या तयारीत आहे.’

 पण तिचं संपलं नव्हतं. दाढेच्या शेजारी बोट ठेवून तिने विचारलं, ‘आणि इथे फिलिंग कोणी केलंय?’

‘फिलिंग?’

‘हा भाग दगड नाहीये गं. बुडबुडे दिसतात बघ आत. कोणीतरी काहीतरी कालवून भरलंय. दात तर किडलेला नाही. मग फिलिंग कशाला?’

मी जिन्यात जाऊन बसले. बराच वेळ.

घरी येऊन सुई घेतली आणि ते भरलेलं टोकरत गेले. प्लास्टर होतं, आत्या. विटेची भुकटी घालून दगडाच्या रंगाचं केलेलं. वरून अंगठ्याने दाबलेलं, दाब अजून दिसत होता. आणि त्याच्या खाली शेजारची, पक्की दाढ. मोठी, कोवळी, जवळजवळ न झिजलेली. ती कुणाची आहे हे ओळखायला मला पुस्तकसुद्धा उघडावं लागलं नाही. त्या घराण्यातलं जे सगळ्यात पहिल्यांदा सापडलेलं, सगळ्यांना माहीत असलेलं मोठं जनावर, त्याची.

म्हणजे तुझी भागुरामी म्हणजे त्या जनावराचं वासरू. दोन नावं एकाच जनावराची निघाली की जुनं राहतं आणि नवं जातं. हा नियम मला तूच शिकवलास.

हा दगड तू दुसऱ्या खेपेला आणलास. नाव देऊन झालं होतं, टेंपो रंगवून झाला होता. तू तो साफ करायला घेतलास, शेजारची दाढ बघितलीस, आणि तुला कळलं. एका क्षणात कळलं असेल तुला! मग तू उठून प्लास्टर कालवलंस. विटेची भुकटी शोधलीस. रंग जमतो का बघितलंस. एवढा सगळा वेळ तुझा हात एकदाही थांबला नाही?

आणि ते तरी मी समजू शकले असते. पण त्याच्यानंतर इतकी वर्षं तू घोडेवाल्यांशी भांडलीस, ते त्याच दाढेच्या जोरावर! तुला माहीत होतं की ती दुधाची आहे. महेशने विचारलं तेव्हा तुला माहीत होतं की तो बरोबर आहे. तरी तू त्याला हसलीस. बरोबर होता म्हणूनच हसलीस ना?

त्याचा नंबर मी शोधून काढला. रसायनीला एका केमिकल कंपनीत शिफ्टवर आहे. मी म्हटलं, जय भीम दादा, मी मॅडमची भाची. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, ‘दुधाचीच होती ना?’ मी म्हटलं, हो. ‘बरं,’ म्हणाला. ‘मला बरीच वर्षं वाटत होतं आपल्यालाच नीट दिसत नाही.’ मी म्हटलं, तुम्ही परत या ना दादा ह्या कामात. त्यावर तो हसला. ‘ताई, शिफ्टचा हूटर झाला. ठेवतो.’

एवढंच. तुला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि आज दुपारी मी बापूंना सांगितलं.

पप्पांनी मला आधीच दम दिला होता. ‘तुझ्या पेपरात काय लिहायचं ते लिही इंग्लिशमध्ये, कडावात कोण वाचतंय? म्हाताऱ्याला काय सांगू नको.’ पण बापू उद्यासाठी टोपी धुऊन वाळत घालत होते. बॅनरवर स्वतःच्या नावाचं वाक्य आलंय म्हणून सकाळपासून खुशीत होते. मला नाही बघवलं.

म्हटलं, ‘बापू, ते जनावर वेगळं नाही निघालं. दुसऱ्या जनावराचं वासरू आहे ते.’

‘म्हंजी माझं नाव वासराला दिलं व्हय गं?’ आणि खो खो हसले.

‘नाव राहणारच नाही बापू. जुनं नाव राहतं. आपलं जातं.’

‘जाऊ दे की मंग. रेशन कार्डावर हाय तेवढं बास झालं मला.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तू कशापायी रडतीस? चुकली आसंल ती. मान्सं चुकत्यात. मी बैल घेताना चुकलो नाय का?’

इथे थांबता आलं असतं मला. पप्पा दारातून खुणा करत होते. पण मी म्हटलं, ‘बापू, ती नुसती चुकली नाही. तिने झाकलं.’

‘काय झाकलं?’

मी दगड आणून त्यांच्या हातात दिला. थोडं प्लास्टर कडेला तसंच ठेवलं होतं, फोटोसाठी. बापूंनी त्यावर नख फिरवलं. नखात पांढरं आलं.

‘ह्ये तर भिंतीला लावत्यात त्ये.’

‘हो.’

‘ह्ये तिनं भरलं? हितं, तोंडात?’

‘हो बापू.’

‘कवा?’

‘नाव दिल्यावर. नंतर कळलं तिला.’

बापूंनी नखातलं पांढरं दगडाच्या कडेला पुसलं. मग एवढंच विचारलं, ‘तवा मी जिता हुतो का?’

‘बापू, तुम्ही तर...’

‘हुतो ना? मंग मला इचारायचं हुतं. मी म्हनलो असतो, पोरी, खोडून टाक माझं नाव. एका दमात म्हनलो असतो. मला इचारलंच नाय गं तिनं.’

ऐकलंस? खोडून टाक म्हणाले असते. ज्या नावासाठी तू हे सगळं केलंस, ते नाव त्यांना एवढंसुद्धा नको होतं. एक पोरगा कॉलेजातून गेला, बाहेरच्या लोकांनी वर्षं घालवली, तू स्वतः प्रत्येक सेमिनारमधून दात आवळून घरी आलीस. आणि एक एसटी पकडून कडावला येऊन बापूंना विचारलं असतंस तर संध्याकाळच्या चहाच्या आत सगळं मिटलं असतं!

मग पप्पा पुढे झाले. ‘बापू, गेलेल्या माणसाचं काय घेऊन बसता?’ बापू त्यांच्यावर खेकसले, ‘मेवन्यानं बैलाच्या तोंडात केलं त्याला मी दारात उभा नाय केला. पोरीनं दगडाच्या तोंडात केलं तर बॅनर लावू? आनि ते पन माझं नाव घालून!’ दगड ओट्यावर ठेवला, हात धुतले. साबण लावून धुतले, आत्या. तुझा फोटो हार घालायला काढून ठेवला होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत जाताना म्हणाले, ‘उद्याच्याला कोन बोलायचं नाय. मी बोलनार.’

म्हणजे बघ, बापूंच्या मनातून तुला मी काढलं. बरोबर तुझ्या पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी. वाईट वाटतंय का? वाटतंय. पण परत वेळ आली तर परत सांगेन. मला झाकता येत नाही. कोणाकडून शिकले नाही म्हणून असेल.

गाइड सर फोनवर म्हणाले, पेपरमध्ये ‘नमुना पूर्वी दुरुस्त केलेला होता’ एवढंच लिही. खोटं नाही ते. गेलेल्या बाईला कशाला त्रास. सर चांगले आहेत. पण दुरुस्त? तू दुरुस्त केलं होतंस?

मी तुला शब्द देते. भागुरामी हे नाव मी खोडणार, माझ्या हाताने, आणि त्या घराण्याला हत्तीच्या अंगणातून पूर्ण उठवून घोड्या-गेंड्याकडे नेऊन बसवणार, मागे एक दाढसुद्धा न ठेवता. प्लास्टरचा फोटो टाकणार, अंगठ्याच्या दाबासकट. ही दाढ दुधाची असावी असं सगळ्यात आधी महेशने म्हटलं, हे त्याच्या नावानिशी लिहिणार, शेवटच्या आभारांत नाही, मुद्द्याच्या जागी. आणि हा जबडा त्या टेकडीवर शोधून काढणारी तू होतीस, हेही लिहिणार. इतका चांगला वासराचा जबडा आजपर्यंत कुणाला मिळालेला नाही. झाकला नसतास तर ह्याच्यावरच तुझं नाव मोठं झालं असतं, कळतंय का तुला?

बाहेर बापू ओट्यावर बसून उद्याचं पाठ करतायत. इथपर्यंत ऐकू येतंय. ‘माझ्या पोरीनं तोंड भरलं हुतं. ह्ये मी तिचा बाप सांगतो.’ दर वेळी ‘पोरीनं’पाशी अडकतात आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. पप्पा म्हणतात, उद्या ऐन वेळी माइकची वायर काढून टाकू, म्हाताऱ्याला कळणार नाही. वायर मीच काढायची असं ठरलंय, कारण मी स्टेजच्या बाजूला बसणार आहे.

मला वाटतं, बोलू द्यावं. तुझ्याच फोटोसमोर, सगळ्या गावासमोर. तुला काय वाटतं, आत्या, बोलू देऊ त्यांना?

तुझी,
श्रावस्ती